पाच मुदतवाढी

बेलिफ दुकानात आला तेव्हा वृषाली एका म्हाताऱ्याच्या नाकावर चाचणीची चौकट बसवून त्यात एकेक काच घालून बघत होती. मिरजेतल्या बहुतेक चष्म्याच्या दुकानांत आता यंत्रासमोर हनुवटी टेकली की चार सेकंदांत नंबर निघायचा. पण सत्तरीपुढच्या माणसांचा यंत्रावर विश्वास नव्हता, त्यांना समोर माणूस लागायचा. लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीतलं ‘मगदूम चष्मेवाले’ त्यांच्याच जिवावर चाललं होतं.

“वृषाली अभिनंदन मगदूम तुम्हीच का?” बेलिफानं विचारलं.

“हो. आता चौगुले.”

“कागदावर मगदूमच आहे. सांगली कोर्टाचं समन्स आहे. इथं सही करा.”

तिनं सही केली. तो गेल्यावर म्हातारबांनी चौकटीच्या आतून तिच्याकडं बघितलं. “कसलं ओ हे, ताई?”

“बिलाचं असेल, आण्णा. खालची ओळ वाचा बघू.”

म्हातारबा गेल्यावर तिनं कागद उघडला. ज्या उपचार केंद्रानं गेल्या वर्षी तिच्या कानांमागं ‘शामक’ बसवलं होतं, त्या केंद्राच्या कंपनीनं दावा लावला होता. पाच मुदतवाढींचे मिळून दोन लाख शहाऐंशी हजार रुपये, व्याज वेगळं. दावा लघुदावा कक्षात होता. छोट्या रकमांचे तंटे वर्षानुवर्षं पडून राहू नयेत म्हणून सरकारनं नुकतेच हे कक्ष काढले होते. तिथं वकील उभे राहत नसत. ज्याचं त्यानं बोलायचं, आणि एक-दोन तारखांत निकाल. प्रतिवादीनं तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, नाही दिलं तर निकाल एकतर्फी.

वृषालीनं कागद घडी करून काचा पुसायच्या फडक्यांच्या कप्प्यात ठेवला. अशा वेळी माणूस घाबरतो हे तिला ठाऊक होतं. दात काढल्यावर बधिर हिरडीवरून जीभ फिरवून बघावी, तसं तिनं आत कुठं भीती लागते का ते चाचपून बघितलं. काही लागलं नाही. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

*

गेल्या वर्षीच्या जानेवारीत तिचा नवरा अभिनंदन मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता आणि ते अकरा दिवस ती बाहेरच्या बाकावर होती. त्यानंतर सात आठवडे तिनं दुकान उघडलं नाही. जेवण समोर ठेवलं तर घास तोंडात तसाच राहायचा. एका सकाळी तिचा भाऊ घरी आला तेव्हा गॅस सुरू होता, शेगडी पेटलेली नव्हती, आणि ती ओट्याला टेकून उभी होती. विसरली होती की काय, हे तिला सांगता आलं नाही. भावानं त्याच आठवड्यात तिला केंद्रात नेलं.

शामक म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या दोन चकत्या. एकेका कानामागं एकेक चिकटवायची. त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे बारीक ठोके निघत आणि दोन्हीकडचे ठोके मेंदूच्या आतल्या घडीत, वाटाण्याएवढ्या एका जागी जाऊन मिळत. त्या भागाला इन्सुला म्हणतात. शरीरात काय चाललंय याची बातमी तिथं पोचते. छाती धडधडते, पोटात खड्डा पडतो, घसा आवळतो, हे सगळं आधी शरीरात होतं आणि ते तिथं वाचलं गेलं की आपण म्हणतो, मला दुःख झालं. दुःख हा विचार नसतो, ती शरीराकडून आलेली बातमी असते, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. शामक ती बातमी अडवत नसे, फक्त तिचा आवाज कमी करी. आठवणी जागच्या जागी राहत, त्यांचं वजन जाई. बारा आठवडे वापरायचं, तेवढ्यात माणूस खायला-झोपायला लागतं, मग काढून टाकायचं.

ती खायला लागली. झोपायला लागली. दुकान उघडलं. लोक म्हणाले, बाई सावरली.

बारा आठवडे संपले त्या दिवशी मोबाइलवर एक गोड आवाज आला. “आपल्या उपचाराची मुदत आज संपत आहे. पुढे चालू ठेवायचा का?” वृषाली म्हणाली, “चालेल.”

शामकाची दुसरी बाजू तेव्हा कुठं अभ्यासकांच्या ध्यानात येत होती. ज्या जागेतून दुःखाची जाणीव येते, त्याच जागेतून नकाराची पहिली चाहूल येते. कुणी नको ते मागितलं की आधी पोटात काहीतरी घट्ट होतं आणि मग तोंडातून ‘नाही’ निघतं. ते घट्ट होणंच कळलं नाही, तर नाही म्हणायला कारणच उरत नाही. हिशेब बरोबर येतात, रस्ता बरोबर ओलांडता येतो, बोलणं नीट असतं. फक्त समोरचा ज्या दिशेनं ढकलेल त्या दिशेनं माणूस सरकत राहतं. ‘हो’ म्हणायला काही लागत नाही.

गोड आवाज दर बारा आठवड्यांनी येत राहिला. पाच वेळा आला. बिलंही येत राहिली. ती उघडून बघायची आणि फायलीत लावायची. बिलाची धास्ती नसलेल्या माणसाला ते भरायचं सुचत नाही.

*

जयपाल चौगुले आठ वर्षं दुकानात काचा पोचवत होता. जयसिंगपूरला त्याच्या बहिणीच्या घरामागं काचा घासायचा छोटा कारखाना होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो खोका घेऊन यायचा. वृषालीला तो वहिनी म्हणायचा. अभिनंदन गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यानं न सांगता दुकानाचं गळकं छत नीट केलं. कधी पेरू आणून ठेवायचा. मग केव्हातरी त्यानं वहिनी म्हणणं सोडलं. पुढच्या जानेवारीतल्या एका दुपारी तो स्टुलावर बसून म्हणाला, “मला तुमच्याशी लग्न करायचंय. चालेल का?”

“चालेल,” वृषाली म्हणाली आणि काचा मोजून घेतल्या.

फेब्रुवारीत मिरजेतच नोंदणी झाली. भावानं साक्षीदार म्हणून सही केली आणि रडला. जयपाल तिच्या घरी राहायला आला. आणि ऑगस्टमध्ये, सहाव्यांदा तो गोड आवाज यायच्या आठ दिवस आधी, तोच तिला दुसऱ्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेला. “काढून टाकू या हे,” तो म्हणाला. ती त्यालाही हो म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, “हळूहळू येईल. पाय बधिर झाल्यावर मुंग्या येतात, तसं.”

सगळ्यात आधी आली ती चीड. ऑक्टोबरमध्ये एकदा जयपाल ताटात चमचा घासत होता आणि त्या आवाजानं तिचे दात आंबल्यासारखे झाले. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी झालं होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस पुन्हा काहीच आलं नाही. नोव्हेंबरात समन्स आलं.

दुपारी जेवताना तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं. जयपालनं जेवण थांबवून तीन पानं वाचली.

“भरून टाकू,” तो म्हणाला. “मी जयसिंगपूरचं काचा घासायचं एक यंत्र विकतो. कोर्टकचेरी कशाला?”

“नको,” असं काही ती म्हणाली नाही. तेवढा जोर तिच्यात नव्हता. ती म्हणाली, “मुजावर मॅडमना दाखवून बघते.” आणि त्यावर जयपालचा घास हातातच राहिला, हे तिनं बघितलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

*

शाहीन मुजावर वकील होत्या. त्यांच्या आईचा चष्मा वृषालीकडं होता. “मला तिथं तुमच्यातर्फे बोलता येणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण म्हणणं मी लिहून देते. मुद्दा सोपा आहे. ज्या यंत्रानं तुमचा नकार काढून घेतला, त्याच यंत्राच्या कंपनीनं तुम्हाला विचारलं, पुढे चालू ठेवायचं का. ही संमती नव्हे. पण कोर्टाला दाखवावं लागेल की त्या काळात तुम्ही कुणालाच नाही म्हणत नव्हता. आठवून सांगा.”

वृषाली आठवून सांगत गेली. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून पाणी शुद्ध करायची यंत्रं घेतली, तीन. अभिनंदनची मोटारसायकल त्याच्या चुलतभावानं मागितली, दिली. शेजाऱ्यानं कुंपणाची भिंत फूटभर आत सरकवू का म्हणून विचारलं, त्याला हो म्हटलं. कपडे नेऊ का असं कुणीतरी विचारलं, त्यालाही. अभिनंदनचं सगळं कपाट एका सकाळी रिकामं झालं. एक शर्टसुद्धा ठेवला नाही.

मुजावर मॅडमचं पेन थांबलं. “एकाला तरी नाही म्हणालात का? कुणालाही?”

वृषालीनं बराच वेळ विचार केला. “नाही.”

“दाव्याला जोडलेली कागदपत्रं बघितलीत? सहावा कागद?”

तो तिच्या आणि जयपालच्या विवाह नोंदणीचा दाखला होता.

“त्यांचं म्हणणं असं,” मॅडम म्हणाल्या, “की त्याच महिन्यांत ही बाई स्वतःच्या मर्जीनं लग्न करते, म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर होतं. मग मुदतवाढीचा होकारही तिचाच. आता तुम्हीच बघा. बिलाचा होकार खोटा आणि लग्नाचा तेवढा खरा, असं म्हणायला गेलो तर कोर्ट विचारेल, का? म्हणजे तुम्हाला दोन्ही धरावे लागतील, नाहीतर दोन्ही सोडावे लागतील. नाहीतर पैसे भरा, विषय मिटला.”

“खरं असेल ते लिहा.”

“खरं काय आहे?”

“मला माहीत नाही.”

मुजावर मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग मान खाली घालून चौदावा परिच्छेद लिहिला: ‘विवाहास दिलेला होकार स्वेच्छेने दिला होता किंवा कसे, हे प्रतिवादीस आज सांगता येत नाही.’

म्हणण्याची एक प्रत घरी आली. जयपालनं ती दारातच उभं राहून वाचली. चौदाव्या परिच्छेदापाशी त्याचं बोट थांबलं.

“सांगता येत नाही म्हणजे काय?”

“म्हणजे सांगता येत नाही.”

“तेव्हाचं राहू दे. आत्ता येतं का?”

तिनं आत चाचपून बघितलं. त्याचं जिन्यावरचं पाऊल तिला ओळखीचं झालं होतं. तो उशिरा आला तर ती घड्याळाकडं बघायची. यापेक्षा जास्त काही हाती लागेना, आणि खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

“अजून नाही.”

“बरं,” तो म्हणाला. प्रत टेबलावर ठेवली, हेल्मेट घेतलं आणि उरलेल्या काचा पोचवायला गेला.

आठ दिवसांनी त्यालाही समन्स आलं. कंपनीनं त्याला आपला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. पत्नी लग्नाच्या वेळी पूर्ण भानावर होती, एवढं त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं. तो तसं म्हणाला, तर कंपनीचा दावा पक्का आणि त्याचं लग्नही पक्कं. तो काय सांगणार हे त्यानं वृषालीला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. दोघं सकाळी बरोबर चहा घेत होती.

*

सुनावणी जानेवारीत सांगलीला झाली. खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर एक छोटा माइक होता आणि जो जे बोलेल ते समोरच्या पडद्यावर आपोआप मराठीत उमटत होतं. कारकून फक्त नावांतल्या चुका दुरुस्त करत होता. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई होत्या. कंपनीतर्फे बेडगे नावाचा चटपटीत माणूस आला होता. मुजावर मॅडम मागच्या बाकावर नुसत्याच बसल्या होत्या.

बेडगेंनी आधी ध्वनिमुद्रणं ऐकवली. पाच तारखा, पाच प्रश्न आणि पाच वेळा वृषालीचा आवाज. चालेल. चालेल. चालेल. चालेल. चालेल.

“पुन्हा लावा,” न्यायाधीश म्हणाल्या.

पुन्हा लावलं. पाचही वेळा शब्दाला तेवढाच वेळ लागत होता. पडद्यावर एकाखाली एक तोच शब्द उमटला. स्टेशनवर गाड्यांची नावं सांगणाऱ्या बाईचा असतो, तसा तो आवाज वृषालीला वाटला.

मग जयपाल पिंजऱ्यात गेला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“लग्नाच्या वेळी तुमची पत्नी भानावर होती?” बेडगेंनी विचारलं.

“होती.”

“दुकान चालवत होती? व्यवहार बघत होती?”

“सगळं बघत होती.”

“लग्नाला तिची संमती होती.”

पडदा रिकामा राहिला.

“उत्तर द्या,” बेडगे म्हणाले.

“ती चालेल म्हणाली.”

“म्हणजे संमती होती.”

“ते मला सांगता यायचं नाही. मी काय केलं ते सांगतो.” तो न्यायाधीशांकडं वळला. “सांगू का?”

“सांगा.”

“अभिनंदन होता तेव्हा सहा वर्षं मी त्या दुकानात जात होतो. मला ती आवडायची. ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलायची. किती झाले, आणि पुढच्या वेळी जवळच्या नंबरच्या जास्त आणा. तो गेला. वर्षभर मी काही बोललो नाही. मग माझ्या ध्यानात आलं की ती कुणालाच नाही म्हणत नाही. मी शामकाचं माहितीपत्रक मिळवून वाचलं. त्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, निर्णयांबाबत उदासीनता येऊ शकते. ते निघाल्यावर विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, असं मला वाटलं. म्हणून मी ते निघायच्या आत विचारलं.”

बेडगे घाईनं म्हणाले, “साक्षीदार फितूर झालाय.”

“तुम्हीच आणलाय त्यांना,” न्यायाधीश म्हणाल्या आणि जयपालकडं वळल्या. “आपण काय सांगतोय हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग शामक काढायला तुम्हीच कसे घेऊन गेलात?”

जयपालनं कपाळ पुसलं. “मी स्वयंपाक करायचो. रोज विचारायचो, कसा झालाय. ती म्हणायची, चांगला. एकदा आमटीत मीठ घालायला विसरलो. तरी चांगली. तिनं सगळी खाल्ली. मला ते बघवेना.”

वृषालीच्या कानांमागं, जिथं पूर्वी चकत्या असायच्या तिथं, गरम झालं. ती गरमी मानेवरून खाली उतरली आणि बरगड्यांपाशी कुठंतरी अडकली. हा राग आहे की लाज, हे तिला ओळखता येईना. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या माणसाचं नाव आठवू नये, तसं झालं.

“प्रतिवादींना साक्षीदाराला काही विचारायचंय का?” न्यायाधीशांनी विचारलं.

वृषाली उठली. बाकाची कड तिनं धरून ठेवली.

“मी नाही म्हणाले असते, तर तू काय केलं असतंस?”

“काही नाही,” जयपाल म्हणाला. “मंगळवारी काचा घेऊन आलो असतो.”

ते पडद्यावर उमटलं. कारकुनाला त्यात दुरुस्त करायला काही नव्हतं.

दुपारी निकाल झाला. नकार देण्याची शक्ती ज्या उपकरणानं क्षीण केली, त्याच उपकरणाच्या मुदतवाढीला त्या अवस्थेत घेतलेला होकार हा करार ठरत नाही, दावा फेटाळण्यात येतो. विवाहाबद्दल हे न्यायालय काही म्हणत नाही.

पायऱ्यांवर मुजावर मॅडमनी तिचा हात दाबला. “जिंकलात. आता एक ऐकून ठेवा. हा जबाब नोंदीवर आलाय. लग्न रद्द करून घ्यायचं असेल तर अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. फेब्रुवारीच्या वीस तारखेपर्यंत.”

जयपाल पलीकडं मोटारसायकलीपाशी उभा होता. त्यानं दुरूनच मान हलवली, गाडी सुरू केली आणि जयसिंगपूरच्या रस्त्याला लागला.

*

त्या निकालाचा बोलबाला झाला. कंपनीनं नियम बदलला, आता मुदतवाढ विचारायच्या आधी चकत्या दहा दिवस काढून ठेवाव्या लागत. ज्यांच्या घरी कुणी शामक वापरलं होतं ते जुने कागद उकरायला लागले. कुणी वाटणीपत्र, कुणी मृत्युपत्र. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखताच्या आधी माणसाच्या कानांमागं बघायला सुरुवात झाली. वृषालीकडं बातमीवाले आले. काय वाटलं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अजून काही नाही.

काचा आता कुरियरनं यायच्या. घरात एक माणूस कमी झाल्यामुळं दूध उरायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भावाचा फोन आला. “अर्ज करून टाकू. त्यानं तुला फसवलं. मी कागद तयार करायला सांगतो, तू फक्त सही कर.”

“बघ तुला...” असं तिच्या तोंडाशी आलं होतं. ती मध्येच थांबली. “थांब. मला विचार करू दे.”

विचार तिनं चार दिवस केला. काहीच केलं नाही तर वीस तारीख निघून जाईल आणि जे आहे ते तसंच चालू राहील, एवढं तिच्या ध्यानात आलं. आजवर सगळं असंच झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून ती जयसिंगपूरच्या बसमध्ये बसली.

कारखान्यात काचा घासायच्या यंत्राचा आवाज चालू होता. जयपालनं तिला बघून यंत्र बंद केलं. त्याच्या बोटांना पांढरी पूड लागली होती आणि तो वाळला होता.

“अर्जावर सही हवीय का माझी?” त्यानं विचारलं.

“तू केलंस ते वाईट केलंस,” वृषाली म्हणाली. “मला त्याचा राग आलाय. फार नाही, पण आलाय.”

“बरं झालं.”

“बरं काय त्यात?” तिचा आवाज एकदम चढला. दोघंही दचकली. ती खालच्या आवाजात म्हणाली, “मी विचारायला आलेय. मिरजेला परत येतोस का?”

जयपाल फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला.

“नाही,” तो म्हणाला.

ती हे सगळं ठरवून आली होती, बोलायची वाक्यंसुद्धा. यापुढचं वाक्य तिच्यापाशी नव्हतं.

“तू आज मनापासून म्हणतेस, असेल,” तो म्हणाला. “पण मला ते खरं वाटणार नाही, वृषाली. उद्या तू आमटी चांगली झाली म्हणालीस तरी मी तुझ्या तोंडाकडं बघत बसेन. माझ्याच करणीनं झालंय ते. तू अर्ज कर. मी सगळं मान्य करतो. मोकळी हो.”

“नाही.”

त्यानं फडकं यंत्रावर ठेवलं.

“मी अर्ज करणार नाही,” ती म्हणाली. पोटात काहीतरी आवळून गच्च झालं होतं आणि शब्द त्याच्यावरून घासत वर आले. “तू येऊ नकोस. नको असेल तर नको येऊस. पण मला मोकळी कर असं मी म्हटलेलं नाही. ते माझ्या वतीनं तू नको ठरवूस. एकदा ठरवलंस तेवढं पुरे.”

आवाज ऐकून जयपालची बहीण मागच्या दारात आली. “चहा ठेवू का?” तिनं चाचरत विचारलं.

“नको, ताई,” वृषाली म्हणाली आणि बाहेर पडली.

वीस तारीख गेली, अर्ज झाला नाही. जयपाल त्या वर्षी मिरजेला परत आला नाही. मे महिन्यात त्याचा एकदा फोन आला आणि दोघं तासभर बोलली, बहुतेक वेळ भांडलीच. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी ती जयसिंगपूरच्या बसथांब्यावर येऊन बाकावर बसली. ऊन चढलं होतं. तिचे तळहात ओले झाले होते आणि गार पडले होते. पित्त झालं असेल असं तिला आधी वाटलं. मग तिनं ते ओळखलं. हे असं तिला शेवटचं झालं होतं ते अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, आतून डॉक्टर येताना दिसले तेव्हा. तो बाक आठवला आणि त्याच्या पाठोपाठ अभिनंदन आला. आठवण म्हणून तो रोजच यायचा. आज वजनासकट आला. त्याची पायातून सुटलेली चप्पल, कपाळावर चिकटलेले केस, आणि दुसऱ्याला देऊन टाकलेले त्याचे सगळे शर्ट.

ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग आवाजही आला. मिरजेची बस आली आणि गेली. तिच्या शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईनं थोडा वेळ वाट बघितली, मग पाण्याची बाटली पुढं केली.

“घरचं कुणी गेलं का, बाई?”

“हो,” वृषाली म्हणाली. “नवरा.”

“कधी?”

वृषालीनं सांगायला तोंड उघडलं, पण हुंदका आवरेना. बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरी बस आली, तीही त्यांनी जाऊ दिली.